डीसी अवंती

डीसी अवंती ही दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइन या संस्थेने रचलेली, पुणे परिसरात तयार झालेली दोन आसनांची क्रीडा मोटारगाडी आहे. तिचे पहिले रूप जानेवारी २०१२ मध्ये नवी दिल्लीतील ऑटो एक्स्पो प्रदर्शनात अमिताभ बच्चन यांच्या उपस्थितीत सादर झाले आणि ग्राहकांना गाड्या मिळू लागल्या त्या २०१५ मध्ये. २०१७ मध्ये रूप आणि शक्ती या दोन्ही बाबतींत सुधारलेली 'अवंती ३१०' ही मर्यादित आवृत्ती जाहीर करण्यात आली.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील पॅसाडेना येथील आर्ट सेंटर या संस्थेत शिक्षण घेतलेल्या छाब्रिया यांनी १९९३ मध्ये मुंबईत डीसी डिझाइनची स्थापना केली. इतर कंपन्यांच्या गाड्यांची बाह्यांगे व अंतर्भाग बदलून देणे हा या संस्थेचा मुख्य व्यवसाय होता. 'टार्झन: द वंडर कार' (२००४) या हिंदी चित्रपटातील गाडी तिनेच टोयोटा एमआर२ वरून घडवली होती. अवंतीच्या निमित्ताने मात्र दुसऱ्याची गाडी सजवणारी ही संस्था स्वतःच्या नावाची गाडी विकू लागली. हा बदल वरवर वाटतो त्याहून बराच मोठा होता, कारण सजवलेल्या गाडीच्या यंत्रणेची जबाबदारी मूळ कारखानदाराकडे राहते, तर स्वतःच्या गाडीचे प्रमाणीकरण, सुटे भाग आणि दुरुस्ती हे सारे निर्मात्याच्या अंगावर येते.

असा प्रयत्न पश्चिम किनाऱ्यावर पूर्वीही झाला होता. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही फायबरग्लासच्या अंगाची उघडी गाडी रेनोच्या १.२ लिटर इंजिनावर चाले. पनवेल ज्या रायगड जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील अलिबागजवळच्या कार्लेखिंड येथील चिंकारा मोटर्सने आपल्या रोडस्टरसाठी काँटेसा गाडीतील १.८ लिटरचे इसुझू इंजिन वापरले. छोट्या निर्मात्याला स्वतःचे इंजिन विकसित करणे परवडत नाही, हे सूत्र तिन्ही गाड्यांना लागू पडते.

रचना

अवंतीचे इंजिन आसनांच्या मागे व मागील आसाच्या पुढे बसवलेले असून शक्ती मागच्या चाकांना मिळते. या मांडणीमुळे जड भाग गाडीच्या मध्याजवळ येतो आणि वळणावर गाडी चपळतेने वळते. मात्र सामानाला जागा कमी उरते आणि इंजिन थंड ठेवणे अवघड होते, म्हणून हवा आत घेणाऱ्या मोठ्या खाचा आवश्यक ठरतात. अवंतीच्या बाजूंवरील खोल खाचा निव्वळ शोभेच्या नाहीत, त्या याच गरजेतून आल्या आहेत. गाडीची उंची सुमारे १.२ मीटर असून चाके २० इंचांची आहेत. जमिनीपासूनचे अंतर सुमारे १७० मिलिमीटर ठेवलेले आहे. या वर्गातील परदेशी गाड्यांच्या मानाने ते बरेच जास्त आहे आणि गतिरोधकांचा विचार करता व्यवहार्यही आहे.

इंजिन

मूळ अवंतीत रेनोचे १,९९८ घनसेंमी क्षमतेचे, टर्बोचार्जर असलेले चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. ते सुमारे २५० अश्वशक्ती देई व त्याला सहा गतींचा हाताने बदलण्याचा गिअरबॉक्स जोडलेला होता. हेच इंजिन रेनोने आपल्या मेगान आरएस या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वापरले होते. सुरुवातीची किंमत सुमारे ३६ लाख रुपये होती.

अवंती ३१०

सुधारित आवृत्तीच्या नावातील आकडा तिची अश्वशक्ती दर्शवतो. केवळ ३१ गाड्या काढण्याचे जाहीर झाले आणि किंमत सुमारे ४४ लाख रुपये ठेवण्यात आली. इंजिनाची घनक्षमता तीच राहिली. म्हणजे दर लिटरमागे मिळणारी शक्ती सुमारे १२५ वरून १५५ अश्वशक्तीवर गेली. टर्बो इंजिनात अशी वाढ सामान्यतः हवेचा दाब आणि इंधनाचे प्रमाण नियंत्रित करणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली बदलून साधली जाते. त्यासाठी सुटे भाग फारसे बदलावे लागत नाहीत, पण सिलिंडरमधील उष्णता व दाब वाढतो आणि इंधन अवेळी पेटण्याचा धोकाही वाढतो. भारतात त्या काळी सर्वत्र मिळणारे साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे असल्याने ही मर्यादा येथे लवकर जाणवत असे.

बाह्यांगातही बदल झाले. पुढील बंपरखाली हवा कापणारी पट्टी, दारांखालील झालर आणि मागे पंख यांमुळे गाडी अधिक आक्रमक दिसू लागली. अंग हलके करण्यासाठी कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्याचा वापर केल्याचे निर्मात्याने सांगितले.

समीक्षकांनी अवंतीच्या रूपाची दखल घेतली, तरी त्यांचे मुख्य आक्षेप जोडकाम आणि अंतर्भागाची सफाई यांविषयी होते. जादा ६० अश्वशक्तीने त्यांचे निराकरण होण्यासारखे नव्हते. शिवाय पनवेलजवळच्या कळंबोलीपासून सुरू होणाऱ्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागातही मोटारींची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. तो वेग मूळ इंजिन काही सेकंदांतच गाठत असे.

पुढील वाटचाल

२०१८ मध्ये टायटॅनियम, कार्बन व ॲल्युमिनियम यांच्या आद्याक्षरांवरून नाव दिलेली टीसीए ही पुढची गाडी मांडण्यात आली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाल्याने जुन्या मानकांची नवी वाहने विकणे बंद झाले. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी छाब्रिया यांना अवंती गाड्यांची नोंदणी आणि त्यांवरील कर्जे यांसंबंधीच्या फसवणुकीच्या आरोपावरून अटक केली.