गेन आणि फेडर : दोन अधिकारांची हकीकत

ध्वनिसंपादनाच्या विद्येत नुकताच शिरलेला उमेदवार गेन आणि फेडर या दोहोंना आवाज लहानमोठा करण्याची साधने समजतो, आणि कानाला प्रत्ययही बहुधा तसाच येतो. परंतु या अधिकारांची वाटणी मुळात का झाली, हे उमगण्यासाठी निर्वात नळ्यांच्या अमदानीत जावे लागते. मायक्रोफोनमधून निघणारा संकेत अवघ्या काही सहस्रांश व्होल्टचा, म्हणून पुढील यंत्रांच्या स्वाभाविक खरखरीत तो बुडण्याच्या आतच त्याला शेकडो पटींनी वाढवणे भाग असे, आणि ही वाढ म्हणजेच गेन. फेडर हा मूळचा निव्वळ रोधक. वाढवण्याची मुखत्यारी त्याला नव्हती, तो केवळ घटवू शके, सबब ती घट भरून काढण्यास त्याच्यापुढे आणखी एक प्रवर्धक बसवण्याची तजवीज करावी लागे. आजही फेडरवरची शून्याची खूण टोकाला नसून थोडी खाली असते आणि तिच्यावर बहुधा १० डेसिबल शिल्लक राहतात, ती त्या पुढच्या प्रवर्धकाचीच पुण्याई.

लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ईएमआयच्या रेड.३७ मिक्सरमध्ये जर्मन बनावटीचे व्ही७२एस प्रवर्धक होते; त्यांचा गेन ४० डेसिबल, कायमचा ठरलेला, त्यामुळे गाणे चालू असतानाचा सारा कारभार फेडरच्या हाती. न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्समध्ये टॉम डाउड हा अभियंता मोठमोठ्या गोल मुठींना कंटाळला होता, कारण दोन हातांनी दोन मुठी फिरवल्या की तिसरीला हात उरत नसे. म्हणून १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात आठ पट्ट्यांचे मुद्रणयंत्र आले तेव्हा त्याने सरळ रेषेत सरकणारे फेडर बसवून दहाही बोटांना काम दिले. सरकवण्याची दिशा मात्र सर्वमान्य नव्हती : बीबीसीत फेडर स्वतःकडे ओढला की आवाज वाढण्याचा उलटा रिवाज होता, आणि तो आपल्याला तरी अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण कोपराचा धक्का लागून आवाज फुटण्यापेक्षा बंद पडलेला बरा.

पुढे संगणक आला, ३२ बिटांच्या तरत्या गणितात आतल्याआत स्वर फाटण्याचे भय जवळजवळ सरले, आणि हा भेद आता जुन्या दप्तरात बांधून ठेवावा असे काही जण म्हणू लागले. ते निम्मेच खरे आहे. २०११ साली प्रो टूल्स या ध्वनिसंपादन-प्रणालीच्या दहाव्या आवृत्तीत प्रत्येक ध्वनिखंडाला स्वतंत्र गेन मिळाला, तो कॉम्प्रेसरच्या, म्हणजे चढे स्वर दाबणाऱ्या यंत्रणेच्या, अलीकडे लागू होतो आणि फेडर पलीकडे. तेव्हा खंडाचा गेन ६ डेसिबलने चढवला तर कॉम्प्रेसर तो स्वर अधिक जोराने दाबतो, आणि तेवढाच फेडर चढवला तर कॉम्प्रेसरला त्याची वार्ताही नसते.