उपरण्याखालचा सौदा आणि उघडा करार

जनावरांच्या बाजारात सौदा कसा होई हे यवतच्या श्रोत्यांना आम्ही सांगावयास नको. दलालाने उपरण्याखाली हात घ्यावा, समोरच्याने त्याची बोटे चाचपावी, दोघांनी माना हलवाव्या आणि भाव ठरावा. बैल कितीला गेला, हे शेजारी उभ्या असलेल्यास कळत नसे. आम्ही कारखान्यात लागलो तेव्हा तेथील पगारवाढही अशीच ठरे. साहेबांनी एकेकाला केबिनमध्ये बोलवावे, आकडा सांगावा आणि ‘बाहेर बोलू नकोस’ म्हणून तंबी द्यावी. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण गेटसभेत आणि युनियनच्या कपाटातील पुस्तकांत झाले. त्या शिक्षणातून एवढेच समजले की, कामगार चळवळीचा इतिहास म्हणजे हे उपरणे दूर करण्याचा इतिहास होय.

आरंभ रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून केला पाहिजे. त्यांचे घराणे आपल्याच जिल्ह्यातील, खेड तालुक्यातील कन्हेरसरचे. महात्मा फुल्यांचे हे सहकारी मुंबईहून ‘दीनबंधु’ पत्र चालवीत. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी मजुरांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनसाठी तयार केला. आठवड्यास एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, ठरलेल्या तारखेस पगार आणि कामावर जायबंदी झालेल्यास मदत, या मागण्या आज साध्या वाटतात. पण त्या काळी एकट्या मजुराने मागितल्या असत्या तर त्याला दुसऱ्या दिवशी गिरणीचा दरवाजा बंद झाला असता. साडेपाच हजारांत एकट्याला वेगळे काढणे अवघड होते. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार मजुरांची सभा भरली. तीत दोन स्त्री-मजुरांनीही भाषणे केली. पुढे गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि १० जून १८९० पासून ती मिळू लागली. आठवड्याच्या सुट्टीचा कायदा त्यानंतर, १८९१ साली झाला. बोलणी आधी व कायदा मागाहून, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

अर्जाची ही रीत पुढे अपुरी पडू लागली. आपल्या गावावरून जाणाऱ्या लोहमार्गाची मालक तेव्हा जी. आय. पी. कंपनी होती. १८९९ साली तिच्या सिग्नलरांनी संप केला. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने व ‘मराठा’ने त्यांची बाजू हिरिरीने मांडली. कामगारांची स्वतःची बलाढ्य संघटना मात्र अद्याप व्हावयाची होती. ती १९२८ साली दिसली. दोन साचे चालविणाऱ्या विणकराने तीन चालवावे, असा मालकांचा आग्रह सुरू झाला आणि मुंबईच्या गिरण्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बंद पडल्या. एकीकडे ना. म. जोशी, आकडे आणि पुरावे घेऊन शांतपणे बोलणारे. दुसरीकडे श्रीपाद अमृत डांगे व गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे, जे स्वतः गिरणीतले कामगार होते. दोन्ही पक्षांचे मतभेद तीव्र होते. तरीही संयुक्त संप समितीत ते एकत्र बसले आणि सतरा मागण्यांचा एकच कागद त्यांनी पुढे ठेवला. अखेर सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. दर, तास आणि साचे यांचे जे हिशेब मालकांच्या कचेरीत कुलपात असत, ते चारचौघांत वाचले जाऊ लागले. जोशींचे आकडे संपाशिवाय कोणी ऐकले नसते आणि संपाला आकड्यांशिवाय तड लागली नसती.

मग कायदा आला. १९३८ च्या मुंबई औद्योगिक कलह कायद्याने संपावर बंधने घातली. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट कार्यकर्ते यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. १९४६ च्या कायद्याने ‘प्रातिनिधिक संघटना’ ठरविली, म्हणजे मेजाशी कोण बसणार हे निश्चित केले. हेतू शिस्तीचा असेल; परंतु बसणारा एक आणि कामगार दुसऱ्याच्या मागे, असे झाले तर काय, या प्रश्नाचे उत्तर १८ जानेवारी १९८२ रोजी मागितले गेले. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपात उतरले. मान्यता मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघाची होती. ज्याच्याशी बोलावयाचे त्याच्याशी बोलणी झाली नाहीत आणि ज्याच्याशी बोलता येत होते त्याच्यामागे कामगार नव्हते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो माणसे गावाकडे परतली ती कायमची.

आता स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातील एका कारखान्यात आम्ही तीन वर्षांचा करार केला. अकरा बैठका झाल्या. साहेब चढ्या आवाजात बोलले तेव्हा आम्ही पाणी मागवून घेतले. साहेब गोड बोलले तेव्हा कागद मागितला. वाढ चांगली मिळाली. गुलाल उधळीत गेटबाहेर आलो, तो झाडाखाली ठेक्यावरची पोरे डबा खात बसलेली. तेच यंत्र, तीच पाळी. त्यांतल्या एकाने विचारले, “दादा, यात आमचं किती?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. अकरा बैठकांत त्यांचा विषय आम्ही एकदाही काढला नव्हता. काढला असता तर आमची वाढ कमी होईल, ही भीती होती. म्हणजे उपरणे आम्हीच धरले होते आणि त्याखाली आमचाही हात होता.

हा प्रश्न आज अधिकच निकडीचा झाला आहे. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. एकाहून अधिक संघटना असतील तेथे आस्थापनेच्या हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार जिच्यामागे, ती एकमेव वाटाघाटी करणारी संघटना. हिशेब सरळ दिसतो. परंतु ज्याचे नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर, त्याला कोणत्या मेजाशी खुर्ची मिळणार?

वाटाघाटीची रीत कोणती चांगली, मवाळ की जहाल, असे तरुण कार्यकर्ते आम्हांस विचारतात. लोखंड्यांनी अर्ज केला, जोशींनी आकडे मांडले, आळव्यांनी गिरण्या बंद ठेवल्या. ज्या त्या वेळी जी ती रीत उपयोगी पडली. आम्ही मात्र करारावर सही करण्यापूर्वी एकच कसोटी लावतो. हा कागद गेटवर, झाडाखाली बसलेल्यांसकट सर्वांसमोर, मोठ्याने वाचता येईल काय? येत नसेल तर बैठक अजून संपलेली नाही.