९८.६ मधला पॉइंट सहा

आपल्याकडे उन्हाळा सेल्सियसमध्ये मोजतात आणि ताप फॅरनहाइटमध्ये. 'आज अकोल्याला ४४ होतं' म्हणणारा माणूसच रात्री 'पोराला १०१ आहे' म्हणतो, आणि कुणाला काही खटकत नाही. दोन्हींना जोडणारं सूत्र शाळेत पाठ केलेलं: ९ ने गुणा, ५ ने भागा, ३२ मिळवा. ३७ टाकले की बरोब्बर ९८.६. पण या पॉइंट सहाने बराच घोळ घातलाय.

गंमत म्हणजे खुद्द फॅरनहाइटसाहेबांच्या हिशोबात ९८.६ नव्हतंच. १७२४ च्या त्यांच्या निबंधात बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला ०, नुसत्या बर्फ-पाण्याला ३२ आणि निरोगी माणसाच्या तोंडाला किंवा काखेला ९६ दिले आहेत. पुढे उकळतं पाणी २१२ वर पक्कं झालं आणि शरीराचा आकडा वर सरकला. सेल्सियसची तऱ्हा निराळी. १७४२ मध्ये त्याने उकळत्या पाण्याला ० दिला आणि गोठणाऱ्याला १००! काही वर्षांतच ती पट्टी उलटी झाली. गोठण्यापासून उकळण्यापर्यंत एकीकडे १८० घरं, दुसरीकडे १००. तेच आपले ९ आणि ५.

मग ३७ कुठून आले? लाइपझिगचा डॉक्टर कार्ल वुंडरलिश. त्याने सुमारे २५ हजार पेशंटांच्या काखेतलं तापमान नोंदवून १८६८ मध्ये पुस्तक काढलं. ३७ हा त्याचा मध्य होता; निरोगी माणसाची रेंज साधारण ३६.२५ ते ३७.५, म्हणजे ९७.२५ ते ९९.५ फॅरनहाइट. रूपांतर करताना रेंज मागे पडली, मध्य तेवढा उरला. '३७ च्या आसपास' ऐकायला ढोबळ वाटतं, ९८.६ मात्र कसं दशांशापर्यंत मोजून काढल्यासारखं वाटतं!

अमेरिकेत १९९२ मध्ये १४८ निरोगी लोकांची तोंडात थर्मामीटर ठेवून मोजणी झाली. सरासरी आली ९८.२.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर इनपुटमध्ये नसलेली अचूकता आउटपुटमध्ये येत नाही, दशांश चिन्ह तेवढं येतं. तेव्हा मंडळी, थर्मामीटरवर ९९ दिसलं तर आधी माणसाकडे बघा. ९९ म्हणजे ३७.२, वुंडरलिशच्याच रेंजमधलं.