आपण नक्की कितपत खेळतो?

मंडळी, बॅडमिंटन खेळणाऱ्या कुणालाही विचारा, "काय रे, कसा खेळतोस?" उत्तर बहुधा आकड्यात येते. "काल 21-12 ने जिंकलो." आकडा ऐकायला बरा वाटतो. पण समोर कोण होते, हे कुणी सांगत नाही! पेपर तपासण्यात उभा जन्म गेल्यामुळे माझा पहिला प्रश्न तोच असतो. मार्क कळले, पण परीक्षा कुठली?

या खेळाचे आपल्या पुण्याशी जुने नाते आहे. 1873 च्या सुमारास पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी याचे नियम लिहून काढले. काही काळ खेळाला 'पूना' हेच नाव होते. 'बॅडमिंटन' हे नाव आले ते इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमधील 'बॅडमिंटन हाउस' या वाड्यावरून. 1893 मध्ये इंग्लंडची संघटना झाली आणि 1899 मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली. पुढे कित्येक वर्षे जगातला सर्वात चांगला खेळाडू कोण, हे ठरवायची कसोटी हीच होती.

आता गुणांची गंमत पाहा. जुन्या पद्धतीत गेम 15 गुणांचा असे आणि ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळे. दुसऱ्याने रॅली जिंकली तर त्याला फक्त सर्व्हिस मिळायची, गुण नाही. घाम गाळून दहा मिनिटे खेळावे आणि फलक जागचा हलू नये, असे सर्रास होई. 2006 मध्ये हे बदलले. गेम 21 चा झाला आणि प्रत्येक रॅलीला गुण मिळू लागला.

याने पातळी मोजण्यात काय फरक पडला? थोडे गणित करू, घाबरू नका. समजा शंभरातल्या साठ रॅली एक जण जिंकतो आणि चाळीस दुसरा. नव्या पद्धतीत गेम साधारण 21-14 असा संपेल. जुन्या पद्धतीत सर्व्हिस समोरच्याकडे असेल तर एका गुणासाठी लागोपाठ दोन रॅली जिंकाव्या लागत. त्यामुळे फरक वर्गाने वाढे. 60 आणि 40 चे प्रमाण 3 ला 2, त्याचा वर्ग 9 ला 4. म्हणजे गेम साधारण 15-7. खेळाडू तेच, खेळ तोच, पण हरणारा एकदम निम्म्याखाली! जुन्या काळी 15-7 ने हरून "आपल्याला हा खेळ जमायचा नाही" म्हणत रॅकेट खुंटीला टांगणारे किती असतील, कोण जाणे.

1980 ची ऑल इंग्लंड फायनल आठवा. प्रकाश पदुकोणने इंडोनेशियाच्या लिम स्वी किंगला 15-3, 15-10 असे हरवले. लिम आधीच्या दोन वर्षांचा विजेता होता. वरच्याच हिशेबाने पहिला गेम ढोबळमानाने आजच्या 21-9 सारखा होतो. पराक्रम तसूभरही कमी होत नाही. तीन गुण मिळवणारा लिमही त्या गेममध्ये बऱ्याच रॅली जिंकला असणार, एवढेच कळते.

महिलांचा एकेरीचा गेम तर अनेक दशके 11 गुणांचाच असे. त्यांच्याकडून एवढेच झेपेल, असे आधीच धरून चाललेले! 2006 पासून त्यांनाही 21 झाले. मोजपट्टीतच कमीपणा असेल तर मोजले जाणाऱ्याने काय करायचे?

आणि कधी कधी मोजपट्टीच नसते. 1947 मध्ये लाहोरचे प्रकाश नाथ आणि त्यांचे सहकारी देविंदर मोहन ऑल इंग्लंडला गेले. उपांत्यपूर्व फेरीत दोघांची गाठ पडली. एकमेकांशी खेळून दमण्यापेक्षा त्यांनी नाणेफेक केली. कौल प्रकाश नाथांना मिळाला. ते थेट फायनलपर्यंत गेले आणि स्वीडनच्या कॉनी जेप्सनकडून हरले. त्याच वर्षी फाळणी झाली आणि त्यांचा खेळ सुटला तो सुटलाच. या दोघांत सरस कोण, हे त्या दिवशी नाण्याने ठरवले. प्रकाश नाथ पुढे कुठवर गेले असते, हे कुठल्याच फलकाने सांगितले नाही.

आपल्या सांगलीचे नंदू नाटेकर 1956 मध्ये क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकले. परदेशात असे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. देशातला विजेता जगात कुठे उभा आहे, हे घराबाहेर पडल्यावरच कळते.

असो. घरातल्या खेळणाऱ्या मुलांना माझे एवढेच सांगणे आहे. एका गेमवरून स्वतःला जोखू नका. त्याच माणसाशी दहा वेळा खेळा आणि किती रॅली जिंकल्या ते मोजा. तुमच्यापेक्षा सरस माणसाशी मुद्दाम खेळा. मागच्या महिन्यात 21-8 ने हरला होतात आणि या महिन्यात 21-13 ने हरलात, तर हरूनही तुम्ही पुढे सरकलात. फलकावर पराभवच दिसेल. वहीत मात्र प्रगती म्हणून लिहून ठेवा.