कातडीखालचा पोर्ट: प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगावाहून परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय पाचशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. (मुंबईच्या गोरेगावकरांना ते लोकलने गाठता येते, आपले गोरेगाव ते नव्हे.) तिथे मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगाचे, म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे, उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. एवढ्या काळात रक्त काढायचे, केमो द्यायची, सलाईन लावायचे, आणि दर वेळी त्याच इवल्याशा हातावर शीर शोधायची.

वाचकांनी या विषयात शिरताना म्हणूनच आधी शिरेचा विचार करावा. व्हिन्क्रिस्टिन हे औषध मिळते आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून, पण ते शिरेबाहेर झिरपले तर आसपासचे मांस जळते. हातावरच्या नाजूक शिरेपेक्षा हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत ते सोडणे अधिक सुरक्षित, कारण तिथल्या वेगवान प्रवाहात ते लगेच विरळ होते. या मोठ्या शिरेपर्यंत पोहोचणाऱ्या ब्रोव्हियाक यांच्या नळ्या 1973 मध्ये आणि हिकमन यांच्या 1979 मध्ये आल्या. त्यांचे टोक मात्र छातीबाहेर लोंबत राही. आंघोळ आणि खेळ दोन्ही जपून. 1982 च्या सुमारास संपूर्ण कातडीखाली बसणारा पोर्ट वापरात आला: सिलिकॉनचा पडदा असलेली छोटी डबी आणि तिला जोडलेली नळी. कातडीवरून पडद्यात टोचलेली सुई काढली की बाहेर काहीच उरत नाही. गावी परतलेल्या मुलाला विहिरीवरच्या पाण्याची, धुळीची धास्ती त्यामुळे बरीच कमी होते.

पोर्टचे कौतुक करताना हात थोडा आखडता घ्यावा, असे मला वाटते. तो बसवायला आणि काढायला भूल द्यावी लागते, खर्च असतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, नळीत रक्ताची गुठळी अडकू शकते. काही मुलांना दंडातून घातलेली पिक लाईन ही नळीच पुरते.

आपण पालक असाल, तर दोन गोष्टी आजच ध्यानात ठेवा. पोर्टमध्ये फक्त ह्यूबर सुईच चालते. साध्या सुईने पडद्याला भोके पडून तो गळू लागतो. आणि ताप आला, विशेषतः पोर्टची नळी आतून धुतल्यावर थंडी वाजली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

वापरात नसलेला पोर्टही ठरावीक काळाने, बहुधा चार आठवड्यांनी, धुवावा लागतो. काही मिनिटांच्या या कामासाठी आईबापांनी मजुरी बुडवून मुंबई गाठायची, की हिंगोलीतच एखादी परिचारिका ते शिकून घेईल? जिल्ह्यातील डॉक्टरांनी पुढची पाने हा प्रश्न मनात ठेवून वाचावीत.