गॅलाथियाची वाळू

आमच्या शहागडात वाळू ब्रासमध्ये मोजतात. गोदावरीतून उपसायची, हायवात भरायची, बांधकामावर टाकायची. त्यामुळे नुसती पडून असलेली वाळू मी पहिल्यांदा पाहिली ती ग्रेट निकोबारच्या गॅलाथिया उपसागरात. ना शहाळेवाला, ना हॉटेल, ना मोबाइलला रेंज.

हे नाव 1846 साली निकोबारला आलेल्या डॅनिश जहाजाचं. पण बेटाच्या इतिहासात मराठी माणसंही आहेत. 1969 पासून सरकारने इथे माजी सैनिकांची कुटुंबं वसवली. पंजाब, केरळबरोबर महाराष्ट्रातलीही. अर्थात बेट रिकामं कधीच नव्हतं. शोंपेन आणि निकोबारी लोकांचं ते पूर्वापार घर.

26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात बेटाचं दक्षिण टोक चार मीटरहून जास्त खचलं. इंदिरा पॉइंटच्या दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. पाठोपाठ त्सुनामीने गॅलाथियाचा किनाराही नेला. पण काही वर्षांत लाटांनी पुन्हा वाळू आणली, आणि लेदरबॅक कासवं अंडी घालायला परतली. जगातली ही सर्वांत मोठी समुद्री कासवं. त्यांना लागते फक्त मोकळी वाळू.

जानेवारी 2021 मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने इथल्या अभयारण्याचा दर्जा काढायला मान्यता दिली. नोव्हेंबर 2022 मध्ये बंदर, विमानतळ आणि टाऊनशिपला पर्यावरण मंजुरी मिळाली. बंदर होणार ते याच उपसागरात.

समुद्राने नेलेली वाळू समुद्रानेच परत दिली. माणसाने नेलेलीचं तसं होत नाही. शहागडच्या वर जायकवाडी धरण आहे. उपशाचे खड्डे भरायला नदी नवी वाळू आणणार कुठून?