आंत्रकर्करोग आणि पिंपरीचा औद्योगिक पट्टा
१९३२ साली लंडनच्या कथबर्ट ड्यूक्स यांनी गुदाशयाच्या कर्करोगाच्या पायऱ्या ठरविल्या. अर्बुद आतड्याच्या भिंतीत किती खोल शिरले व लसीकाग्रंथींपर्यंत पोचले काय, हा त्यांचा निकष. मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय निघाले. तेथे खानोलकरांचे लक्ष मुखकर्करोगाकडे वळले, व ते योग्यच होते. १९६३ साली सुरू झालेल्या मुंबईच्या कर्करोग-नोंदणीतही आंत्ररोग पाश्चात्त्यांच्या मानाने विरळच आढळला. या विरळपणाचा तोटाही झाला: शौचातील रक्त म्हणजे मूळव्याध, हा समज दृढ राहिला. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. पुढे चाकणपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात गावाकडची भाकरी सुटलेला, बैठ्या कामाचा वर्गही आहे. आतड्यातील साध्या गाठीचा कर्करोग होण्यास बहुधा दहा वर्षे वा अधिक लागतात. शौचातील अदृश्य रक्ताची तपासणी उपयोगी पडते ती याच अवधीत.